तिसऱ्या दारामागच्या बरण्या

४ मार्च

मावशी,

पत्राच्या वरच्या भागात काय काय लिहायचं असतं ते आम्हाला शाळेत शिकवलंय. पण ते मुख्याध्यापकांकडे रजा मागताना लिहायचं असतं, म्हणून मी ते गाळते.

मी तुझ्या ताईची मुलगी. भिंगरी. मला कळायला लागल्यापासून आपण एकदाच भेटलोय, गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर. तू माझ्या भावाला, टिल्लूला, प्लास्टरचे दात दिले होतेस, वरचा आणि खालचा जबडा वेगवेगळा, आणि त्याने ते नर्सबाईंच्या पदराला चाववले होते. त्या दातांच्या खोक्यावर शिक्का होता. त्यावरून तुझा पत्ता मिळाला. मी चोरून लिहितेय असं समजू नकोस. मी फक्त कुणाला सांगितलेलं नाही.

तुला 'तू' म्हटलेलं चालेल ना? आई तुझ्याबद्दल बोलत नाही, त्यामुळे तिच्याकडून काही कळायला मार्ग नाही. खरं तर आई कशाबद्दलच बोलत नाही. टिल्लू गेल्याला आता आठ महिने झाले. ती टपाल कचेरीत जाते, पत्रांची वर्गवारी करते, घरी येते, भाजी चिरते आणि विचारते, "शाळा कशी होती?" मी मागच्या आठवड्यात मुद्दाम सांगितलं, "शाळेत आज वाघ आला होता." ती म्हणाली, "बरं झालं."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात हे तुला माहीतच असेल. ते हल्ली इतक्या लिफ्ट दुरुस्त करतात की शहरातली एकही बंद पडायची शिल्लक नसेल.

तर माझं काम असं आहे. आई टिल्लूला एक गोष्ट सांगायची, बोळक्या राक्षसिणीची. रोज दुपारी भेटायच्या वेळेत थोडी थोडी. आई एकदा म्हणाली होती की ही गोष्ट कुठल्या पुस्तकातली नाही, ती आणि तिची धाकटी बहीण लहान असताना दोघींनी मिळून रचली. धाकटी बहीण म्हणजे तूच ना? की आणखी एखादी आहे?

तूच असशील तर मला त्या गोष्टीचा शेवट हवाय. खरा. लवकर कळव.

भिंगरी

ता.क. तू खरंच दिवसभर दात करतेस का? कुणाचे?


११ मार्च

प्रिय भिंगरी,

धाकटी बहीण एकच आहे, आणि ती मीच. 'तू'च म्हण. 'तुम्ही' म्हटलंस तर मला वाटेल दाताच्या डॉक्टरांचा निरोप आलाय.

हो, दिवसभर दात करते. चपलांच्या दुकानाच्या वर माझी एक लांबट खोली आहे. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन मला पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते, आतून जबडा निघतो. मग त्यावर मेण लावायचं, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी मेण काढून तिथे गुलाबी हिरडी भरायची. झाली कवळी. दातांच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात. लोकांना वाटतं पांढरा म्हणजे पांढरा. मागच्या महिन्यात एक निवृत्त मास्तर आले. म्हणाले, पुढच्या दोन दातांत फट ठेवा, नाहीतर बायको ओळखणार नाही. मी फट ठेवली. परवा बायको येऊन म्हणाली, फट थोडी जास्तच झाली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या आईला तू लिहितेस हे माहीत नाही, ही गोष्ट मला जरा बोचतेय. पण मी चहाडी करणार नाही. एवढंच, की तिने सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस.

बोळकी राक्षसीण! किती वर्षांनी हे नाव ऐकलं. अगं, मला निम्मी आठवत नाही. तुला जेवढी माहीत आहे तेवढी लिहून पाठव, म्हणजे माझं डोकं चालू लागेल. आणि एक विचारू? शेवट तुला आत्ताच का हवाय?

तुझी मावशी


१६ मार्च

मावशी,

बायको बरोबर बोलली की नाही ते कळायला मला ती कवळी बघायला हवी.

गोष्ट अशी. एका गावात एक राक्षसीण होती, तिच्या तोंडात एकही दात नव्हता. त्यामुळे तिला हसायची लाज वाटायची. मग ती दुसऱ्यांचं हसू चोरायची आणि बरण्यांत भरून ठेवायची. एका मुलीच्या आईचं हसू तिने चोरलं. मग ती आई स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, सगळं करायची, पण हसायची नाही. मुलगी ते परत आणायला निघाली. राक्षसिणीच्या घराला एकामागे एक तीन दारं. पहिल्या दाराशी कुत्रा. तो सगळ्यांना चावायचा, पण 'तू कसा आहेस?' असं कुणी विचारलं की रडायला लागायचा, कारण त्याला तसं कधीच कुणी विचारलं नव्हतं. दुसरं दार पाण्याचं. त्याला आपलं एक गुपित सांगितलं की ते दोन्हीकडे सरकायचं. तिसरं दार साधं, लाकडी, कडी नसलेलं. त्याच्यामागे बरण्या.

आई इथपर्यंत आली आणि म्हणाली, "उद्या." मग टिल्लूला दुसऱ्या खोलीत नेलं, तिथे यंत्रं होती, आणि आईची गोष्ट थांबली.

आता माझे प्रश्न. एक, मुलीने पाण्याच्या दाराला कुठलं गुपित सांगितलं? आई म्हणायची ते फक्त दाराला माहीत आहे. ही पळवाट आहे. दोन, राक्षसिणीला दात नव्हते तर ती खायची काय? हे टिल्लूने विचारलं होतं आणि आईने 'खीर' असं सांगितलं, पण तिचा आवाज ऐनवेळी सुचेल ते सांगितल्यासारखा होता. तीन, तू मोठेपणी दात करायला लागलीस ते या गोष्टीमुळे का? चार, बरण्यांत काय होतं?

शेवट आत्ताच का हवाय असं तू विचारलंस. उगीच. गोष्ट अर्धी राहिली की मला चैन पडत नाही.

उत्तर चारचंच दिलंस तरी चालेल.

भिंगरी


२३ मार्च

प्रिय भिंगरी,

तीनचं उत्तर: माहीत नाही, पण तुझं पत्र आल्यापासून मी हातातल्या कवळीकडे बघत बसते आणि काम मागे पडतं. दोनचं उत्तर: खीर नव्हे, ढग. मऊ असतात म्हणून. हे मी सुचवलं होतं, ताई विसरली असेल. एकचं उत्तर मलाही कुणी सांगितलं नाही.

आता चार. मुलीने तिसरं दार ढकललं. आत छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर बरण्या, एकूण एक भरलेल्या! कुणाचं खुदुखुदु, कुणाचं गडगडाटी, कुणाचं पोट धरून. मुलीने तिच्या आईची बरणी आवाजावरून ओळखली, झाकण उघडलं, आणि तिथे लांब घरी भांडी घासता घासता तिची आई हसली. झालं. सगळ्यांना आपापलं हसू मिळालं, आणि राक्षसिणीला कुणीतरी कवळी करून दिली असेल, कोणी ते तू ओळख.

कसा आहे शेवट? आता चैन पडेल ना?

तुझी मावशी


१२ एप्रिल

भिंगरी,

वीस दिवस झाले, तुझं पत्र नाही. परीक्षा होती का? आजारी आहेस का? की आईला कळलं आणि ती रागावली? तसं असेल तर बाबांना दोन ओळी लिहायला सांग. 'ठीक आहे' एवढं कळलं तरी पुरे.

मी शेवट सांगितला तो आवडला नाही का? ते तरी सांग. मी इथे रोज जिन्यावर पाऊल वाजलं की बघते. टपालवाला मला ओळखायला लागलाय. खालूनच हात हलवतो, नाही म्हणून.

मावशी


१८ एप्रिल

मावशी,

मी आजारी नाही. परीक्षा झाली. चांगली गेली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते जिन्यातच वाचलं आणि मग घरी न जाता बराच वेळ गच्चीच्या दाराशी बसले. शेवट चांगला आहे. तोच त्रास आहे.

मी तुला 'उगीच' असं लिहिलं ते खोटं होतं. आता खरं लिहिते. हे वाचून तू मला लिहायचं बंद केलंस तरी मी समजू शकेन.

तो रविवार होता. त्या दिवशी आमच्या वर्गाचं नाटक होतं. मी धुकं होणार होते. धुक्याला दोन वाक्यं होती आणि एक राखाडी झगा, तो आईने टिल्लू आजारी पडायच्या आधीच शिवून ठेवला होता. पण सकाळी हॉस्पिटलातून फोन आला आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. माझ्या नाटकाचं कुणाला आठवलंसुद्धा नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मीच वाईट ठरले असते ना?

दुपारी आई आणि बाबा डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले. नर्सबाईंनी मला दहा मिनिटं आत बसू दिलं. टिल्लूचे हात सुयांनी निळे झाले होते. तो म्हणाला, "भिंगे, तिसऱ्या दारामागे काय असतं? आई सांगतच नाही."

मी म्हणाले, "काही नसतं. बरण्या रिकाम्या असतात. सगळ्याच्या सगळ्या."

आणि मी खिडकीकडे जाऊन त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. बाहेर खाली गाड्या लावायची जागा होती, मी लाल गाड्या मोजल्या. आई आल्यावर आम्ही घरी निघालो. मंगळवारी सकाळी तो गेला.

मला हे माहीत आहे की आजारामुळे माणूस जातो, गोष्टीमुळे जात नाही. मी दहा वर्षांची आहे, मला तेवढं कळतं. पण त्याला बरण्या भरलेल्या आहेत असं वाटत होतं तोवर तो होता. म्हणून मला खरा शेवट हवा होता. खऱ्या गोष्टीत बरण्या रिकाम्याच असतील तर मी फक्त खरं सांगितलं. पण तू लिहिलंस की भरलेल्या होत्या. म्हणजे मी त्याच्याशी खोटं बोलले, आणि ते खोटं त्याच्याबरोबर गेलं.

हे कुणालाच माहीत नाही.

भिंगरी


२२ एप्रिल

माझी भिंगरी,

तुझं पत्र आज सकाळी आलं. मी खोलीला आतून कडी लावली आहे आणि हे लिहितेय. तीन कवळ्या उद्यावर ढकलल्या. तीन माणसं आज मऊ भात खातील.

पहिली गोष्ट. तू मला वाट्टेल ते लिही, मी लिहायचं बंद करणार नाही.

दुसरी गोष्ट. तो शेवट मी तुझ्यासाठी त्या दिवशी टेबलाशी बसून रचला. तुला बरं वाटावं म्हणून. मोठी माणसं असला आगाऊपणा करतात. तू खरा शेवट मागितला होतास आणि मी तुला गोड करून दिला. चूक माझी आहे.

आता खरं ऐक. मी सात वर्षांची होते आणि ताई अकराची, तेव्हा आमचे वडील कामावर गेले आणि परत आले नाहीत. अपघात झाला होता. आमची आई हसायची थांबली. मग ताईने ही गोष्ट सुरू केली, मला झोपवायला. कुत्रा तिचा, पाण्याचं दार माझं. तिसऱ्या दाराशी आमचं भांडण झालं. ताई म्हणाली, बरण्या भरलेल्या आहेत. मी म्हणाले, रिकाम्या आहेत. वडील येणार नाहीत हे मला कळलं होतं आणि ते कुणीतरी मोठ्याने म्हणावं असं मला वाटत होतं. ताईने मला लाकडी पट्टीने मारलं. त्यानंतर आम्ही ती गोष्ट कधी पुढे नेली नाही. तिला शेवट नाहीच, भिंगरी. कधीच नव्हता. तू खोटं बोललीस असं म्हणायला खरं काही असायला तर हवं!

म्हणजे 'रिकाम्या' म्हणणारी आपल्या घराण्यात तू पहिली नाहीस. मी आहे.

आणि मी ते एकदाच म्हटलं नाही. तुला आठवतं, मी हॉस्पिटलात आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले? तुला वाटलं असेल मावशीला कामं आहेत. मी डॉक्टरांशी बोलले होते. मग बाहेरच्या बाकावर ताईला म्हणाले, "ताई, आता मनाची तयारी कर." ती मग अगदी हळू म्हणाली, "तू जा इथून." मी गेले. टिल्लू गेल्याचं बाबांनी कळवलं, तेव्हा मी बॅग भरली, स्टेशनवर गेले, गाडी आली, आणि मी चढले नाही. मला वाटलं, ती दार उघडेल आणि मला बघून तिला तेच वाक्य ऐकू येईल. नऊ महिने मी मेणात दात बसवतेय आणि तेच वाक्य उगाळतेय. त्यामुळे तू गच्चीच्या दाराशी का बसलीस ते मला चांगलं कळतं.

'तुझी काही चूक नाही' असं लिहून मी पत्र संपवू शकते. ते खरंही आहे. पण तुला ते पुरणार नाही, कारण मलाही पुरलं नसतं. म्हणून मी तुला एक विचारते, आणि घाई न करता आठव. तू 'रिकाम्या असतात' म्हणालीस. मग टिल्लू काय म्हणाला?

तू मला ते लिहिलंच नाहीस. ज्या मुलाने राक्षसीण खाते काय असं विचारलं, तो हे ऐकून गप्प बसला असेल, असं मला पटत नाही.

तुझ्या आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी तुला ढकलणार नाही.

मावशी


२ मे

मावशी,

खूप झालंय. क्रमाने सांगते.

तुझं पत्र वाचल्यावर मी म्हणाले, काही म्हणाला नाही तो. कारण मला लाल गाड्याच आठवत होत्या. सात होत्या. मग मी तसंच करून पाहिलं. आमच्या खिडकीशी पाठ करून उभी राहिले आणि खालच्या गाड्या मोजायला लागले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिसऱ्या गाडीशी आले आणि एकदम त्याचा आवाज आला. म्हणजे खरा नाही, आठवणीतला. तो म्हणाला होता, "सगळ्या?"

मी म्हणाले होते, "सगळ्या."

"किती आहेत?"

"शंभर."

"मग मला दे ना."

आणि मी चिडून म्हणाले होते, "घे सगळ्या!"

एवढंच. मला त्याचा अर्थ लागेना. रिकाम्या बरण्या कशाला हव्या होत्या त्याला? हे मी बाबांना विचारणार होते, पण बाबा एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर अडकले होते, म्हणजे लिफ्ट अडकली होती आणि ते ती सोडवत होते.

मग काल संध्याकाळी आई बटाटे चिरत होती. शाळेला सुट्टी लागलीय, तरी म्हणाली, "शाळा कशी होती?"

मी म्हणाले, "आई, मी टिल्लूला सांगितलं होतं की राक्षसिणीच्या बरण्या रिकाम्या आहेत."

मला वाटलं, ती 'बरं झालं' म्हणेल. पण तिची सुरी थांबली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत तिने मला असं पाहिलं नव्हतं, म्हणजे बघायची, पण मी काच असल्यासारखी.

"काय म्हणालीस?"

मी सगळं सांगितलं. नाटक, धुकं, लाल गाड्या, सगळं. मी रडत होते त्यामुळे काही वाक्यं दोनदा सांगावी लागली. आईने सुरी खाली ठेवली आणि ती खाली फरशीवरच बसली. मला वाटलं, आता संपलं.

ती म्हणाली, "म्हणजे ते तुझ्याकडून आलं."

"काय?"

"बरण्या!"

मावशी, ऐक. सोमवारी, म्हणजे तो जायच्या आदल्या दिवशी, टिल्लू सकाळपासून आईकडे रिकाम्या बरण्या मागत होता. "आई, मला माझ्या रिकाम्या बरण्या दे." आईला काही कळेना. तिच्या गोष्टीत बरण्या भरलेल्या होत्या ना! तिला वाटलं, ताप डोक्यात गेला. तिने डॉक्टरांनाही तसं सांगितलं. मग ती धावत घरी आली, साखरेची बरणी परातीत पालथी केली, बरणी धुतली आणि ती घेऊन परत गेली. टिल्लूने वास घेतला आणि म्हणाला, "अशी नाही गं. हिला आधीच साखरेचा वास आहे. हिच्यात दुसरं कसं भरणार?"

आई म्हणाली, "त्याने माझ्याकडे शेवटची एकच गोष्ट मागितली आणि ती काय होती तेच मला कळलं नाही. नऊ महिने मी तेच शोधतेय. मला वाटायचं मी घरात कुठेतरी बघायची विसरलेय."

मी विचारलं, "त्याला काय भरायचं होतं?"

"ते सांगितलं ना त्याने. मी नीट ऐकलंच नाही. मला वाटलं बरळतोय." मग तिने डोळे मिटले आणि एकेक आठवून सांगायला लागली. एकीत नर्सबाईंची शिट्टी. एकीत एक्स-रेच्या खोलीतला गारवा, घरी कुणी भाजलं तर लावायला. एकीत लिफ्ट थांबताना पोटात येतो तो गोळा.

तेवढ्यात बाबा आले. पायात कामाचे बूट तसेच. आम्हाला फरशीवर बघून ते घाबरले. आईने त्यांना सांगितलं तर ते दारातच भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मला त्याने विचारलं होतं, बरण्या लिफ्टने वर नेल्या तर फुटतील का. मी म्हटलं, झाकणं घट्ट लाव. मी समजलो खेळतोय."

"खेळतच होता," आई म्हणाली.

"आणखी काय म्हणाला?" मी विचारलं. आई आठवायची, बाबा आठवायचे, आणि कुणाला एखादा शब्द सापडला की बाकीचे दोघं त्याच्यावर तुटून पडायचे. बटाटे जळले. कुणी उठलं नाही.

मग आई थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "एक तुझी होती."

"माझी?"

"भिंगरीचा राग. म्हणाला, तो मला एका बरणीत हवाय. मी विचारलं, राग कशाला रे? तर म्हणाला, तो खूप मोठा आहे. झाकण घट्ट लावून उशाशी ठेवीन. कुणी सुई टोचायला आलं की उघडीन."

मावशी, त्याला कळलं होतं की मी रागावलेय. आणि त्याला तो राग उपयोगी वाटला!

मी किती रडले ते लिहीत नाही. आईही रडली, मोठ्याने, नाक शिंकरत. आधी ती आवाज न करता रडायची, ते वेगळं होतं. बाबांनी बूट काढले आणि तेही खाली बसले. आई म्हणाली, "मी समजत होते, तो शेवटी कशासाठी तरी तडफडत होता. तो तर कामाला लागला होता." हे ती दोन-तीनदा म्हणाली. कामाला लागला होता.

नंतर तिने विचारलं, "तुला आजच हे सांगावंसं का वाटलं?" तू म्हणाली होतीस सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस. म्हणून मी तुझी सगळी पत्रं आणून तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं, रागावेल. तिने सगळी वाचली. बाकावरचं पत्र तिने दोनदा वाचलं. मग उठून तोंड धुतलं आणि म्हणाली, "हिचं ऱ्हस्व-दीर्घ अजून तसंच आहे."

तिला पोस्टाचं पाकीट हवं होतं. मी माझं दिलं. त्यामुळे हे पत्र आणि तिचं पत्र एकाच पाकिटात येतंय. तिचं मी वाचलेलं नाही. चिकटवायच्या आधी वाचता आलं असतं, पण वाचलं नाही. लक्षात ठेव.

भिंगरी


२ मे

धाकटे,

मला पत्रं लिहिता येत नाहीत, दिवसभर दुसऱ्यांची हाताळते म्हणून असेल. थोडक्यात लिहिते.

बाकावर तू जे म्हणालीस ते खरं होतं. मला ते आधीपासून माहीत होतं. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मी तयार नव्हते, आणि नेमकी तू म्हणालीस. तुला हाकललं आणि मग तू आली नाहीस म्हणून तुझ्यावर रुसून बसले. दोन्ही बाजूंनी मीच. तुझ्यावर रागावणं सोपं होतं, तेवढं एक काम तरी दिवसभर करता यायचं.

तू माझ्या मुलीला नीट प्रश्न विचारलास. मी नऊ महिने रोज एक विचारत होते आणि उत्तर ऐकत नव्हते.

पट्टीने मारलं ते मला आठवत नाही. पण तू म्हणतेस तर मारलं असेल. लागलं होतं का गं?

मला तुला टिल्लूबद्दल खूप सांगायचंय. तू त्याला फार थोडा वेळ पाहिलंस. तो किती बोलायचा ते तुला माहीत नाही. काल आठवलेलं सगळं ह्यांनी कामाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. तीन पानं झाली, आणि अजून निघतंय. काही गोष्टी तुझ्या त्या भेटीतल्या असतील, त्या फक्त तुलाच माहीत असणार. त्या घेऊन ये.

शनिवारची सकाळची गाडी पकड. या वेळी चढ. हे स्टेशनवर येतील. निदान आठ दिवस राहायच्या तयारीने ये, लोकांना तोवर मऊ खाऊ दे. भिंगरीने तुझी उशी आत्ताच तिच्या पलंगावर नेऊन ठेवली आहे. ती झोपेत लाथा मारते. भिंतीकडची बाजू घेऊ नकोस.

ताई